एका संगणकांतील अनेक बिऱ्हाडें

जुन्या पुण्यांतील वाड्यांत ज्यांनीं दिवस काढले आहेत, त्यांना बिऱ्हाड या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. वाडा एक, दिंडीदरवाजा एक, आड एक. परंतु आंत आठदहा कुटुंबें नांदत असत, आणि आपल्या दोन खोल्यांचें दार लावून घेतलें म्हणजे प्रत्येकाला आपला संसार स्वतंत्र वाटे. अशीच व्यवस्था आतां घरच्या टेबलावरील संगणकांत करितां येते. एकाच यंत्राच्या पोटांत दुसरें, तिसरें यंत्र थाटतां येतें. या पोटबिऱ्हाडांना मूळ यंत्राची शक्ति किती व कशी वांटून द्यावी, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. पण मला तो एका घरगुती प्रसंगामुळें शिकावा लागला, म्हणून तो प्रसंगच आधीं सांगतों.

माझे थोरले बंधु निवर्तले, तेव्हां त्यांच्या मागें एक आत्मचरित्र राहिलें. तें छापलेलें नव्हतें आणि कागदावरहि नव्हतें. वीस वर्षांपूर्वीं घेतलेल्या एका संगणकावर, त्या काळच्या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रॅममध्यें त्यांनीं तें लिहून ठेविलें होतें. त्या वेळीं युनिकोड आपल्याकडे घरोघर पोंचलेलें नव्हतें. प्रत्येक प्रोग्रॅमचे टंक स्वतंत्र असत, आणि त्या टंकांवांचून तें लेखन उघडलें तर पडद्यावर नुसती निरर्थक चिन्हांची रांग दिसे. मूळ यंत्र बंद पडलें होतें; आंतील चकती तेवढी शाबूत होती. तो प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेना. त्याला जुनी विंडोज एक्सपी हवी होती. वर्षश्राद्धाच्या आधीं पुस्तक छापून हातीं यावें, अशी वहिनींची इच्छा. तेव्हां माझ्या नव्या संगणकाच्या पोटांत जुन्या काळचा एक संगणक उभा करावा, असें मीं ठरविलें.

अशा पोटांतल्या संगणकाला आभासी यंत्र म्हणतात. इंग्रजी नांव व्हर्च्युअल मशीन. हें लोखंडाकांचेचें यंत्र नव्हे. एका प्रोग्रॅमनें घेतलेलें तें यंत्राचें सोंग आहे. परंतु सोंग इतकें हुबेहूब कीं, आंत बसविलेल्या कार्यप्रणालीला आपण खऱ्या यंत्रावर चाललों आहों असेंच वाटतें. हें सोंग वठविणाऱ्या प्रोग्रॅमला हायपरव्हायझर म्हणतात. आपण त्याला वाड्याचा कारभारी म्हणूं. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, विंडोजमधील हायपर-व्ही आणि लिनक्समधील केव्हीएम हे आज घरगुती संगणकांवर आढळणारे मुख्य कारभारी होत.

ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, केंब्रिज येथें आयबीएम कंपनीची एक शास्त्रीय शाखा होती. तेथें १९६४ मध्यें या कामास आरंभ झाला आणि १९६७ मध्यें सीपी-४० ही प्रणाली वापरांत आली. तेव्हांचा संगणक अख्खी खोली व्यापी व त्याची किंमत अफाट असे. म्हणून एकच यंत्र अनेकांना आपआपलें वाटावें, अशी ही युक्ति निघाली. पुढें १९७२ मध्यें त्याच कंपनीनें ती व्हीएम/३७० या नांवानें बाजारांत आणिली. घरगुती संगणकांच्या प्रोसेसरची घडण मात्र या सोंगाला अनुकूल नव्हती. तरीहि १९९९ मध्यें व्हीएमवेअर कंपनीनें मोठ्या कौशल्यानें तें त्यांवर वठवून दाखविलें. नंतर इंटेलनें २००५ मध्यें व एएमडीनें २००६ मध्यें प्रोसेसरमध्येंच त्यासाठीं सोय करून दिली. आज आपल्या टेबलावरील यंत्रांत ती बहुधा असतेच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आभासी यंत्र थाटतांना कारभारी आपल्याला विचारतो, 'या बिऱ्हाडाला प्रोसेसर किती द्यावयाचे?' माझ्या संगणकानें मला सांगितलें होतें कीं, येथें बारा प्रोसेसर आहेत. माझी पुतणी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तिच्या अभ्यासासाठीं त्याच संगणकावर लिनक्सचें एक आभासी यंत्र मीं आधींच थाटलें होतें आणि त्याला उदार मनानें आठ प्रोसेसर दिले होते. उरलेले चार मीं दादांच्या जुन्या एक्सपीला दिले. आठ आणि चार बारा. बेरीज बरोबर जमली म्हणून मी समाधान पावलों.

त्या संध्याकाळीं वहिनी शेजारीं खुर्ची घेऊन बसल्या आणि मीं पहिलें प्रकरण उघडलें. पडद्यावर पान उमटावयास मिनिटभर लागलें. कळ दाबावी आणि अक्षर सावकाशीनें यावें. मधेंच सारें गोठून जावें. पलीकडे पुतणीचें लिनक्स एका मोठ्या प्रोग्रॅमची जुळणी करण्यांत गुंतलें होतें. तेंहि कुंथत होतें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें त्या उठून आंत गेल्या, आणि पुस्तक बहुधा निघत नाहीं असें त्यांनीं मनाशीं धरिलें, हें मला कळून चुकलें.

माझी चूक पुतणीनें दाखविली. ती म्हणाली, "काका, तुम्ही प्रत्येक गडी दोनदां मोजलात."

तिचें म्हणणें असें होतें. प्रोसेसरच्या एका चिपेंत प्रत्यक्ष काम करणारे जे अवयव असतात, त्यांना कोअर म्हणतात. हे आपल्या वाड्यांतील गडी समजा. माझ्या प्रोसेसरमध्यें असे गडी सहाच होते. मग बारा हा आंकडा कोठून आला? इंटेलनें २००२ मध्यें हायपर-थ्रेडिंग नांवाची एक युक्ति प्रचारांत आणिली. एका गड्याच्या हातीं कामांच्या दोन याद्या द्यावयाच्या. पहिल्या यादींतील कामासाठीं कोठाराकडून सामान येण्याची वाट पाहात तो उभा असतो, तेवढ्यांत त्यानें दुसऱ्या यादींतील काम उरकावें. या युक्तीनें रिकामा वेळ वांचतो व एकंदर काम थोडें अधिक होतें. परंतु गड्याला दोन हातांचे चार हात फुटत नाहींत. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या पानावर सीपीयू पाहिला, तर तेथें कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर असे दोन आंकडे दिलेले दिसतात. पहिला गड्यांचा, दुसरा याद्यांचा. वांटणी करितांना पहिलाच आंकडा धरावा. व्हर्च्युअलबॉक्सच्या मार्गदर्शक पुस्तिकेंतहि हीच ताकीद आहे: प्रत्यक्षांत जितके कोअर असतील त्यांहून अधिक प्रोसेसर आभासी यंत्राला देऊं नयेत, आणि कोअर मोजतांना हायपर-थ्रेडिंगचे आंकडे जमेस धरूं नयेत.

याशिवाय माझी दुसरी चूक अशी कीं, बाराहि प्रोसेसर मीं पोटबिऱ्हाडांना वांटून टाकिले आणि वाड्याच्या मालकाला विसरलों. मूळ कार्यप्रणालीलाहि काम असतें. पडदा रंगविणें, चकतीवर लिहिणें, कळफलकाकडे लक्ष ठेवणें हें सारें तीच करते, आणि आभासी यंत्रांचें लिहिणें-वाचणेंहि शेवटीं तिच्याच हातून होतें. मालकच उपाशी राहिला, तर भाडेकऱ्यांचें पोट भरत नाहीं.

येथें कोणी विचारील, 'गडी कमी आणि मागणी जास्त झाली, तर कामें रांगेनें होतील. थोडा उशीर होईल, एवढेंच ना?' नाहीं, नुकसान त्याहून मोठें होतें. समजा, एका बिऱ्हाडाला चार गडी दिल्याचें कारभाऱ्यानें सांगितलें आहे. त्या बिऱ्हाडांत एक सामायिक कोठी असून तिला एकच किल्ली आहे. पहिल्या गड्यानें किल्ली घेतली व तो आंत शिरला. इतक्यांत कारभाऱ्यानें त्याला दुसऱ्या बिऱ्हाडाच्या कामावर बोलावून नेलें. किल्ली त्याच्या कनवटीलाच राहिली. उरलेले तिघे कोठीच्या दाराशीं उभे राहून पुनःपुन्हां कडी वाजवीत बसतात. काम कांहींच होत नाहीं, पण मजुरी मात्र चढत राहते. संगणकांतील कार्यप्रणाली आपल्या अंतर्गत हिशेबासाठीं अशा किल्ल्या क्षणोक्षणीं घेत व सोडीत असते. खऱ्या यंत्रावर किल्लीवाला गडी असा मधेंच उठून जात नाहीं. म्हणून दाराशीं उभे राहणें तेथें क्षणभराचेंच असतें. आभासी यंत्रांत तोच क्षण लांबत जातो. म्हणजे ज्या यंत्राला आपण प्रेमानें अधिक प्रोसेसर दिले, तेंच त्यामुळें मंद होतें. अलीकडच्या कारभाऱ्यांनीं या दुखण्यावर उपाय योजिले आहेत. पण मुळांतच जरुरीपेक्षां अधिक वांटणी न करणें, यासारखा दुसरा उपाय नाहीं.

अधिक गडी दिल्यानें काम तितक्याच पटीनें लौकर होतें, हाहि एक भ्रमच आहे. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकाचे एक प्रमुख रचनाकार जीन अॅम्डाल यांनीं १९६७ मध्यें याविषयीं एक साधा विचार मांडला. कोणत्याहि कामाचा कांहीं भाग अनेकांत वांटतां येतो व कांहीं भाग एकट्यानेंच करावा लागतो. पुरणपोळ्या लाटावयास चार बायका बसूं शकतात, पण पुरण शिजावयास लागेल तो वेळ लागणारच. समजा, कामाचा निम्मा भाग असा न वांटतां येणारा आहे. तर चार प्रोसेसर लावूनहि वेग केवळ १.६ पट होतो, आणि आठ लावले तर १.७८ पट. म्हणजे शेवटच्या चार गड्यांनीं जवळजवळ कांहींच मिळविलें नाहीं. उलट न वांटतां येणारा भाग एकदशांशच असेल, तर चार प्रोसेसर तिपटीहून थोडा अधिक वेग देतात. म्हणून यंत्राला प्रोसेसर देण्यापूर्वीं त्यांत काम कोणतें चालावयाचें, हें पाहिलें पाहिजे. दादांचा तो जुना टंकलेखनाचा प्रोग्रॅम एका वेळीं एकाच प्रोसेसरवर चालणारा होता. त्याला चार दिले काय आणि चाळीस दिले काय, तो एकच वापरणार. पुतणीचें जुळणीचें काम मात्र अनेक फायलींचें असल्यामुळें सहज वांटलें जात होतें.

यावरून जो व्यवहारी नियम निघतो, तो असा. जुनी कार्यप्रणाली व एखादा जुना प्रोग्रॅम यांसाठीं एक प्रोसेसर पुरे. आजच्या काळची लिनक्स किंवा विंडोज नेहमींच्या वापरासाठीं बसवावयाची असेल, तर दोनांपासून आरंभ करावा. विंडोज ११ ला तर किमान दोन कोअर लागतातच. जड व वांटतां येणारें काम असेल, तर चारपर्यंत जावें. एकाच वेळीं जोरानें चालणाऱ्या सर्व आभासी यंत्रांची बेरीज करावी, आणि ती खऱ्या कोअरच्या संख्येहून निदान एकानें, शक्य तर दोनांनीं कमी ठेवावी. नुसतीं उघडून ठेविलेलीं व स्वस्थ पडून असणारीं यंत्रें या बेरजेंत कडकपणें धरण्याचें कारण नाहीं. कारण निजलेला भाडेकरू गड्यांना फारसें राबवीत नाहीं.

शेवटीं प्रयोग करून पाहावा. आपलें नेहमींचें एखादें काम घ्यावें व दोन प्रोसेसरांवर त्याला किती वेळ लागतो, तें घड्याळ लावून लिहून ठेवावें. नंतर यंत्र पूर्णपणें बंद करावें. नुसतें झोंपवून ठेविलेल्या यंत्राचा आंकडा बदलतां येत नाहीं. मग तीन किंवा चार प्रोसेसर देऊन तेंच काम पुन्हां करावें. वेळ लक्षांत येण्याजोगा कमी झाला नाहीं, तर पूर्वींच्या आंकड्यावर परत यावें. यांत मानापमानाचें कांहीं नाहीं.

व्हर्च्युअलबॉक्समध्यें प्रोसेसरच्या पानावर आणखी दोनतीन कळा आहेत. एक्झिक्यूशन कॅप या नांवाची कळ प्रत्येक आभासी प्रोसेसरला खऱ्या प्रोसेसरचा किती टक्के वेळ मिळावा, हें ठरविते. ती मुळांत १०० वर असते; बहुतेकांनीं ती तेथेंच असूं द्यावी. ती फार खालीं आणिली, तर आंतील यंत्राचें कालमान बिघडूं शकतें. नेस्टेड हा शब्द जिच्या नांवांत आहे ती कळ आभासी यंत्राच्या पोटांत पुन्हां आभासी यंत्र थाटावयाचें असेल, तरच लागते. पोटभाडेकऱ्यानें आणखी पोटभाडेकरू ठेवण्याचाच तो प्रकार असल्यानें तिला उगीच हात लावूं नये.

कित्येकदां वांटणी बरोबर असूनहि यंत्र गोगलगायीसारखें चालतें. त्याचीं दोन कारणें मुख्य. पहिलें, प्रोसेसरमधील जी सोय मघां सांगितली, ती बायोसमध्यें बंद ठेविलेली असते. तेथें इंटेल व्हीटी-एक्स किंवा एएमडी एसव्हीएम अशा नांवाची ओळ शोधून ती चालू करावी लागते. व्हर्च्युअलबॉक्सच्या २०१९ मध्यें निघालेल्या ६.१ या आवृत्तीपासून या सोयीशिवाय आभासी यंत्र चालतच नाहीं. दुसरें, विंडोजनें आपला स्वतःचा कारभारी आधींच नेमलेला असतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हाताखालीं काम करावें लागतें, आणि खिडकीच्या तळाशीं एक लहानसें हिरवें कासव दिसूं लागतें. हें कासव विनोदासाठीं नाहीं. दोन कारभाऱ्यांमुळें गति मंदावली असल्याची ती खूण आहे. विंडोजची मेमरी इंटेग्रिटी ही संरक्षणाची सोयहि त्याच कारभाऱ्यावर अवलंबून असते. म्हणून वेगाच्या लोभानें ती बंद करण्यापूर्वीं नीट विचार करावा.

इतर कारभारी निराळ्या रीतीनें प्रश्न विचारतात. व्हीएमवेअरमध्यें प्रोसेसर किती व प्रत्येक प्रोसेसरमध्यें कोअर किती, असे दोन आंकडे द्यावयाचे असतात आणि त्यांचा गुणाकार धरला जातो. केव्हीएममध्येंहि सॉकेट, कोअर व थ्रेड असे तीन आंकडे असतात. येथें एक खांचखळगा आहे. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ति एकच सॉकेट वापरते, प्रो आवृत्ति दोन. चार सॉकेट व प्रत्येकीं एक कोअर अशी मांडणी केली, तर प्रो आवृत्ति दोनच वापरील व बाकीचे दोन वाया जातील. म्हणून एक सॉकेट व चार कोअर अशीच मांडणी करावी. केव्हीएममध्यें प्रोसेसरची जात कोणती दाखवावी, असाहि प्रश्न असतो. तेथें होस्ट-पासथ्रू हें उत्तर घरच्या संगणकासाठीं उत्तम. त्यानें खऱ्या प्रोसेसरचे सर्व गुण आंतल्या यंत्राला मिळतात. जुनाट, सर्वसामान्य जात निवडली, तर रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ सारख्या प्रणाली चालूच होत नाहींत. सर्वसामान्य जातीचा उपयोग, चालतें यंत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर हलविणाऱ्या मोठ्या कार्यालयांना. आपल्या घरीं दुसरा वाडा कोठें असतो?

रॅमविषयीं एकच सूचना. गड्याचा वेळ आज याला, उद्यां त्याला असा फिरवितां येतो. पण रॅम म्हणजे खोली. ती एकाला दिली, म्हणजे तो राहात असेपर्यंत बहुधा अडकलीच. म्हणून ती वांटतांना हात अधिक आंखडता असावा.

पुतणीच्या सांगण्यावरून मीं वांटणी पुन्हां केली. दादांच्या एक्सपीला एक प्रोसेसर, तिच्या लिनक्सला तीन, आणि दोन मालकासाठीं राखून ठेविले. एक्सपीला मिळणारी मायक्रोसॉफ्टची डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजीं संपली असल्यामुळें तिचा इंटरनेटशीं संबंधहि तोडून टाकिला; जुन्या घराला बाहेरचें दार असूं नये हेंच बरें. मग पुन्हां फाइल उघडली. या खेपेस पान एका क्षणांत उमटलें, आणि पलीकडे जुळणीचें कामहि पूर्वीपेक्षां लौकर संपलें. आठाचे तीन केले, तरी काम वाढलें!

मीं वहिनींना हांक मारिली. पुढचे तीन आठवडे रोज रात्रीं वहिनी पडद्यावरून वाचीत आणि पुतणी शेजारच्या खिडकींत तें युनिकोडमध्यें उतरून घेई. शेवटचें प्रकरण अर्धवट होतें. दादांनीं एका वाक्याच्या मध्यावरच तें सोडलें होतें. तें पुरें करावें कीं काय, असें मीं विचारलें. वहिनी म्हणाल्या, "त्यांनीं जेथें थांबविलें तेथेंच थांबवा." पुस्तक तसेंच छापलें आणि वर्षश्राद्धाला त्याच्या प्रती आप्तेष्टांच्या हातीं पडल्या.

आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशी एखादी जुनी चकती कपाटांत पडून असेल. ती उघडण्याचें साधन आपल्या टेबलावरच आहे. त्यासाठीं फार शक्ति लागत नाहीं. आहे ती मोजून, मालकाचा वांटा राखून, ज्याला जितकी हवी तितकीच देण्याची संवय लागते. आपण एखाद्या रविवारीं ती चकती बाहेर काढून पाहावी, एवढी विनंति.